विक्री आजची, पैसा परवाचा

व्यापारात पैशाला जसे मोल असते, तसे तो हाती येण्याच्या वेळेलाही असते, हे आपल्या पेढीवाल्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांच्या हुंड्यांचेच दोन मुख्य प्रकार होते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजून द्यावे लागत. मुदती हुंडीचे पैसे तिच्यावर लिहिलेली मुदत भरल्यावर मिळत. मुदतीपूर्वी ज्याला पैसे हवे असत, तो हुंडी दुसऱ्या पेढीवर वटवी आणि त्यापोटी वटाव सोसे. किती दिवसांसाठी शेकडा किती वटाव, याचा हिशेब दोन्ही बाजूंना तोंडपाठ असे. १८८१ साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज सर्वसाधारणपणे अबाधित ठेवण्यात आले.

आजच्या दुकानदाराजवळ हुंडी नाही. त्याच्या गल्ल्याशेजारी क्यूआर कोडची चौकट आहे आणि जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारे एक लहानसे यंत्र आहे. घरातून खाकरा, पापड, लोणची किंवा शिवलेले कपडे विकणाऱ्या भगिनींच्या मोबाइलवर ‘पेमेंट यशस्वी’ असा हिरवा शेरा उमटतो. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, एवढेच तो शेरा सांगतो. ते विक्रेत्याच्या बँक खात्यात केव्हा पोचतील आणि वाटेत त्यांतून किती वजा होतील, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात. त्यांची उत्तरे करारनाम्यात असतात आणि तो वाचणारे थोडे असतात. या महिन्यात त्या दोन प्रश्नांचाच विचार करू.

प्रथम पैशाची वाट समजून घ्यावी. क्यूआर कोड थेट आपल्या बँकेचा असेल आणि ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले, तर रक्कम बहुधा लगेच किंवा त्याच दिवशी खात्यात येते. परंतु संकेतस्थळावर, पेमेंट लिंकवर किंवा कार्डाने पैसे स्वीकारायचे झाल्यास बहुतेक लहान व्यावसायिक एखाद्या मध्यस्थ सेवेची मदत घेतात. रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत तिला पेमेंट ॲग्रिगेटर म्हणतात. ही सेवा अनेक व्यापाऱ्यांचे पैसे एकत्र गोळा करते आणि नंतर ज्याचे त्याला वाटून देते. बाजार समितीतील अडत्याचे काम डोळ्यांपुढे आणले, म्हणजे कल्पना येईल. माल एकाचा, खरेदीदार दुसरा आणि हिशेबाची पट्टी तिसऱ्याच्या हातची.

या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. बँक नसलेल्या मध्यस्थाने रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी, अर्ज करताना त्याची निव्वळ मालमत्ता किमान १५ कोटी रुपये असावी व पुढे ती २५ कोटींपर्यंत न्यावी, आणि व्यापाऱ्यांचा पैसा अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात वेगळा ठेवावा, अशा अटी त्यांत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन, प्रत्यक्ष दुकानातील आणि परदेशी व्यवहारांच्या मध्यस्थांसाठी एकत्रित निर्देश निघाले. पैसा वेगळा ठेवण्याचे तत्त्व त्यांतही कायम आहे. एस्क्रो खाते म्हणजे दुसऱ्याची अनामत सांभाळणारे खाते. त्यातील पैसा सेवेला स्वतःच्या धंद्यासाठी वापरता येत नाही. त्यामुळे परवानाधारक सेवेकडे अडकलेला पैसा सहसा बुडत नाही. तो उशिरा मिळतो. लहान धंद्यात मात्र उशीर हाच पुष्कळदा तोटा ठरतो.

बँकांची यंत्रणा संथ असल्यामुळे हा उशीर होतो, असा समज आढळतो. तो आता फारसा खरा नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस चालू असते. रविवारी रात्रीही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसा जाऊ शकतो. तेव्हा ‘कामकाजाच्या दोन दिवसांनंतर’ ही मोठ्या अंशी कराराची अट आहे. तिच्यामागे काही रास्त कारणेही आहेत. ग्राहकाने आगाऊ पैसे दिले आणि माल पोचलाच नाही, तर ते परत कोठून करायचे? म्हणूनच २०२० च्या नियमांत व्यापाऱ्याला पैसे देण्याची मुदत मालाच्या प्रवासाशी जोडलेली होती. व्यापारी स्वतः माल पोचवणार असेल तर माल पोचल्याची खात्री झाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत पैसे राखून ठेवण्याचे करारात ठरले असेल तर त्या मुदतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे देणे आवश्यक होते. म्हणजे मुदत कोणती लागू होणार, हे पुष्कळसे आपल्याच सहीने ठरते. त्याच नियमांत एस्क्रो खात्यातील कायम शिल्लक राहणाऱ्या भागावर सेवेला बँकेकडून व्याज मिळवण्याची सोयही होती. व्यापाऱ्याच्या वाट्याला ते व्याज येत नाही.

आता उशिराचा हिशेब मांडू. समजा, एका दुकानाची ऑनलाइन विक्री रोज १०,००० रुपये आहे आणि पैसे कामकाजाच्या दोन दिवसांनंतर मिळतात. दुकानदार म्हणतो, ‘दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे.’ पण आजचे पैसे परवा मिळाले, तरी परवापर्यंत उद्याचेही अडकलेले असतात. धंदा चालू आहे तोवर २०,००० रुपये नेहमीच बाहेर राहतात. सेवा शनिवार-रविवार धरत नसेल, तर सोमवारी सकाळी गुरुवारपासूनची चार दिवसांची विक्री, म्हणजे ४०,००० रुपये बाहेर असतात. सोमवारी सुटी आली तर मंगळवारी सकाळी हाच आकडा ५०,००० होतो. ही एका वेळची गैरसोय नव्हे. खेळत्या भांडवलाचा तेवढा तुकडा धंद्यातून कायमचा काढून घेतल्यासारखे आहे. रोजची विक्री गुणिले अडकलेले दिवस, एवढे हे साधे सूत्र आहे. आपल्या धंद्याचा आकडा प्रत्येकाने त्यात घालून पाहावा.

त्या तुकड्याची किंमत केवळ व्याजात मोजून भागत नाही. आमच्या नात्यातील एक गृहिणी घरातून फराळाचे पदार्थ विकतात. एरवीची विक्री बेताची. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात ती पाचपट झाली. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पेमेंट सेवेने ‘जोखीम तपासणी’ असे कारण देऊन रकमा रोखल्या. कागदपत्रे मागवली, तेव्हा पॅनवर विवाहानंतरचे नाव आणि बँक खात्यावर माहेरचे नाव असल्याचे उघड झाले. दुरुस्तीला अकरा दिवस लागले. तूप, बेसन आणि सुकामेवा देणारा व्यापारी सणाच्या तोंडावर उधारी द्यायला तयार नव्हता. घरात कोणाला न सांगता त्यांनी दोन बांगड्या तारण ठेवल्या आणि तरीही काही मागण्या परत कराव्या लागल्या. पाडव्यानंतर सेवेने पै न पै जमा केली. कागदावर त्यांचे काहीच नुकसान झाले नव्हते. पण त्या वर्षीची दिवाळी त्यांनी सोनाराच्या पावतीकडे पाहत काढली, आणि ज्या ग्राहकांना नकार दिला त्यांतील काही पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत.

त्यांनी करारनामा मला दाखवला. विक्री अचानक वाढल्यास किंवा खातेदाराच्या नावात तफावत आढळल्यास रक्कम रोखण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला होता. सेवेने कराराबाहेर काही केले होते, असे म्हणता येत नव्हते. परंतु नावातील तफावत खाते उघडताना चालली आणि दिवाळीच्या तोंडावर अडली, ही गोष्ट त्या भगिनींच्या जिव्हारी लागली आणि ते मला योग्यच वाटते. कागद तपासायचे तर ते पहिल्या दिवशी तपासावेत, हा बँकेतील जुना दंडक आहे.

दुसरा प्रश्न शुल्काचा. कार्डाने किंवा तत्सम साधनाने आलेल्या रकमेतून जो भाग वजा होतो त्याला मर्चंट डिस्काउंट रेट, संक्षेपाने एमडीआर म्हणतात. शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच, म्हणजे वटाव. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील एमडीआर १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल दर ठरवले. मागील वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला शेकडा ०.४० आणि एका व्यवहाराला २०० रुपये, त्यावरील व्यापाऱ्याला शेकडा ०.९० आणि १,००० रुपये, अशा त्या मर्यादा होत्या. क्यूआर कोडने स्वीकारल्यास दर आणखी थोडा कमी. क्रेडिट कार्डावर मात्र अशी कमाल मर्यादा नाही. तेथे दोन टक्क्यांच्या आसपासचा दर नेहमी पाहायला मिळतो. यूपीआयला जोडलेले क्रेडिट कार्ड हाही वेगळा प्रकार आहे. ते नेहमीच्या यूपीआयप्रमाणे सरसकट मोफत समजू नये. शिवाय एमडीआर शून्य असला तरी मध्यस्थ सेवा आपले शुल्क वेगळ्या नावाने लावू शकते. म्हणून ‘दर किती’ एवढे विचारून थांबू नये; कोणत्या साधनावर किती, याचा तक्ता मागावा.

दोन टक्के हा आकडा कानाला हलका वाटतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की तो २.३६ होतो. रोज ५,००० रुपयांची विक्री अशा मार्गाने होत असेल, तर दिवसाला ११८ रुपये आणि ३०० दिवसांच्या वर्षात ३५,४०० रुपये जातात. येथे खरी मेख आहे. शुल्क विक्रीवर आकारले जाते, पण ते भरले जाते नफ्यातून. किराणा किंवा फराळासारख्या धंद्यात खर्च वजा जाता शेकडा दहा उरत असतील, तर ५,००० रुपयांवर नफा ५०० रुपये. त्यातील ११८ गेले, म्हणजे नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्यातील कराचे १८ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून परत घेता येतात. कंपोझिशन योजनेतील किंवा नोंदणीच नसलेल्या विक्रेत्याला ती सोय नाही, आणि सर्वांत लहान धंदे बहुधा याच वर्गात मोडतात.

तिसरी गोष्ट, पैसे ‘तत्काळ’ काढण्याच्या सुविधेची. दोन दिवस न थांबता आजच रक्कम हवी असेल तर थोडे जादा शुल्क द्या, असे काही सेवा सांगतात. समजा, हे शुल्क शेकडा पाव टक्का आहे. हजाराला अडीच रुपये! कोणालाही ते क्षुल्लक वाटेल. परंतु बँकेत आम्ही प्रत्येक दर ‘दर साल दर शेकडा’ या एकाच मापाने मोजत असू, आणि ते माप येथेही लावले पाहिजे. पाव टक्का दोन दिवसांसाठी आहे. वर्षात असे दोन-दोन दिवस १८२ वेळा येतात. म्हणजे रोजच्या सवयीने ही सुविधा वापरणारा आपल्याच पैशावर दर साल दर शेकडा साडेपंचेचाळीस रुपये व्याज भरतो. जीएसटी धरला तर जवळजवळ चोपन्न. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा याच्या लहानशा अंशात मिळू शकते. एखाद्या सावकाराने हा दर तोंडाने सांगितला असता, तर आपण त्याची पायरी उतरलो असतो.

याचा अर्थ ती सुविधा कधीच वापरू नये, असा नाही. घाऊक व्यापारी रोखीवर दोन टक्के सूट देत असेल आणि ती मिळवण्यासाठी एखाद्या दिवशी पाव टक्का द्यावा लागला, तर तो व्यवहार फायद्याचाच आहे. दोन दिवस आधी आलेल्या पैशाने काय कमावले, हे उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याने खुशाल शुल्क द्यावे. ज्याला केवळ हिरवा शेरा पाहून चैन पडत नाही म्हणून रक्कम काढायची असते, त्याने मात्र वरचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

हे सर्व वाचून कोणी रोखीकडे परत वळावे, असे मी सुचवणार नाही. रोखीलाही खर्च असतो. सुट्ट्या पैशांची चणचण, मोजणीतील चूक, बनावट नोट, बँकेत जाण्याचा वेळ आणि रात्री गल्ला घरी नेण्याची धास्ती, या सर्वांचे बिल कोणी पाठवत नाही एवढेच. आणि जे मोफत दिसते त्याचाही खर्च कोणीतरी उचलत असतो. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लहान व्यापाऱ्यांना यूपीआयने मिळणाऱ्या २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेवर बँका आदींना शेकडा ०.१५ देण्याची ती तरतूद होती. व्यापाऱ्याचा वटाव सरकारी तिजोरीने भरला, असाच याचा अर्थ. सेवेला मोबदला द्यावा. तो समजून-उमजून द्यावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

करार करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पैसे किती दिवसांत मिळणार आणि ते दिवस कामकाजाचे की कॅलेंडरचे? विक्री रद्द होऊन ग्राहकाला पैसे परत केले, तर आपले शुल्क परत मिळते का? अनेक ठिकाणी ते मिळत नाही. ग्राहकाने बँकेमार्फत हरकत घेतली, तर रक्कम कधी रोखली जाते आणि आपले पुरावे किती दिवसांत द्यायचे असतात? आवाजाच्या यंत्राचे मासिक भाडे किती? पॅन, बँक खाते आणि व्यवसायाचा दाखला या तिन्हींवरील नाव अक्षरशः एक आहे का? सणासुदीला विक्री वाढणार असेल, तर दोन-तीन आठवडे आधी सेवेला ईमेलने तसे कळवून ठेवावे. आणि सेवा परवानाधारक आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे.

हिशेब लिहिण्यातही एक दक्षता हवी. बँकेत ९,७६४ रुपये जमा झाले म्हणून विक्री ९,७६४ लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. विक्री १०,००० रुपयांचीच झाली. २३६ रुपये हा खर्च आहे. निव्वळ रक्कम विक्री म्हणून लिहिली, तर उलाढाल कमी दिसते, जीएसटीच्या विवरणपत्राशी मेळ बसत नाही आणि वर्षभरात शुल्कापोटी किती गेले ते कधीच कळत नाही. खतावणीत पेमेंट सेवेच्या नावाने एक स्वतंत्र खाते उघडावे. विक्री झाली की त्या खात्यावर येणे टाकावे. पैसे आले आणि शुल्क कापले गेले की ते उतरवावे. शिल्लक राहील ती अडकलेली रक्कम. आठवड्यातून एकदा ती सेवेच्या हिशेबाशी ताडून पाहावी.

पैसे खरोखरच अडकले, तर फोनवर वाद घालण्यात दिवस घालवू नयेत. सेवेने नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, व्यवहार क्रमांक, बिल आणि माल पोचल्याची पावती जोडावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. सेवेने रक्कम पाठवली आणि आपल्याच बँकेने ती जमा केली नाही, असे आढळले तर बँकेकडे तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहकाच्या खात्यातून यूपीआयने पैसे गेले पण दुकानात पोचल्याची खात्री आली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप ग्राहकाला परत गेले पाहिजेत. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०१९ पासून आहे. अशा ग्राहकाशी भांडण्यापेक्षा त्याला हा नियम सांगावा. मात्र ‘अडकलेले पैसे सोडवून देतो’ असे म्हणणाऱ्या अनोळखी फोनला थारा देऊ नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

पुढच्या सणाच्या हंगामापूर्वी एक लहान काम प्रत्येक व्यावसायिक वाचकाने करावे, ही विनंती. गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे पासबुक आणि सेवेचा हिशेब शेजारी शेजारी ठेवावा. रोजमेळात ‘किती आले’ या रकान्याजवळ ‘विक्री कोणत्या तारखेची’ आणि ‘शुल्क किती’ हे दोन रकाने आखावेत आणि एक बेरीज करावी. ज्यांच्या घरातील सून, मुलगी किंवा बहीण स्वयंपाकघरातून धंदा चालवते, त्यांनी त्या बेरजेला तिच्यासोबत बसावे. तिच्या पॅनवरचे आणि खात्यावरचे नाव एक आहे का, तेही त्याच वेळी पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यातून एखादीच्या बांगड्या हातातच राहिल्या, तरी तो अर्धा तास सत्कारणी लागला.